बोत्स्वानातल्या दोन मा-मिनी

कॅनडात, मार्कहॅममधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी आफ्रिकेत सफारीला निघालं की हल्ली फोन मला येतो. व्हिसा लागतो का, गोळ्या कुठल्या, कपडे कसले न्यायचे, शाकाहारी माणूस तिथं उपाशी तर राहत नाही ना? मी सगळं नीट सांगते. सांगताना एक गोष्ट मात्र गाळते. ही माहिती माझ्या मुलीनं मला दिलेली नाही. तिनं ती नलूला दिली आणि नलूनं मला. हा लेख लिहायला बसताना ठरवलं, या वेळी ते गाळायचं नाही. मृण्मयीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, सगळं लिहायला हो म्हटलंय. तिची एकच अट आहे, ती पुढे येईल.

नलू म्हणजे आमची शेजारीण. मूळची नागपूरची, आमच्याच वयाची, मूलबाळ नाही. मृण्मयी लहान असताना मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर अडकलेली असायचे. शाळेची बस मृण्मयीला, म्हणजे आमच्या मिनीला, नलूच्या दारात सोडायची. मी घरी यायचे तेव्हा पोर जेवून, अभ्यास करून, नलूच्या बेसमेंटमधल्या सोफ्यावर झोपलेली असायची. तिला उचलून बर्फातून घरी आणताना ती अर्धवट जागी व्हायची आणि "काहून उठवते?" म्हणायची. मी पुण्याची. माझ्या घराण्यात कुणी 'का'ला 'काहून' म्हटलेलं नाही. माझ्या मुलीला येतं ते मराठी माझं नाही, नलूचं आहे. या गोष्टीचं सगळ्यांना कौतुक वाटतं. मीही हसते.

निघण्याआधी

मृण्मयी ग्वेल्फला शिकून प्राण्यांची डॉक्टर झाली आणि गुरांच्या रोगांवरच्या एका कामासाठी बोत्स्वानातल्या माउन या गावी गेली. मी विरोध केला नाही. मी गप्प बसले. आमच्या घरात त्यालाच विरोध म्हणतात.

वर्ष उलटल्यावर एका शनिवारी मी ड्राइव्हवे झाडत होते, तेव्हा नलू चहाचा मग घेऊन आली.

"पोट्टीचा फोन आला होता. म्हणते, दोघी ऑगस्टात या. पाऊस नसतो, डास कमी, गवत वाळलेलं, जनावरं पाण्यावर येतात. दिसतात चांगली."

"तुला फोन केला तिनं?"

"तू मीटिंगमध्ये असशील म्हणून केला असंल."

"शनिवारी?"

नलूनं चहाचा घोट घेतला.

"अजून काय म्हणाली?"

"सांगेल ना ती तुला."

हे तिचं ठरलेलं वाक्य. मिनीला कॉलेजात कोण आवडतं, मिनीनं केस का कापले, मिनी आमच्याशी महिनाभर का बोलत नाही, काहीही विचारलं की नलू म्हणणार, सांगेल ना ती तुला. आणि मी म्हणणार, बरं.

तर माहिती अशी. कॅनडाचा पासपोर्ट असेल तर बोत्स्वानाला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. नलूनं मात्र अजून भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, तिला आधी अर्ज करावा लागला. तो अर्ज अडकावा असं मला वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं. रोज संध्याकाळी मी तिला "आला का?" विचारायचे आणि ती समजायची मला काळजी आहे. व्हिसा आला. माझ्या नवऱ्याच्या, संजयच्या, गुडघ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात ठरलं आणि तो घरी राहिला. म्हणजे मी आणि नलू, दोघीच.

बॅग मऊ हवी. शेवटचं विमान लहान असतं, कडक सुटकेस त्याच्या पोटात शिरत नाही, आणि वजनात कॅमेराही धरतात. कपडे मातकट रंगाचे. गडद निळा आणि काळा नको, तिथल्या त्सेत्से माशीला ते रंग आवडतात. लष्करी छपाईचे कपडे तर अजिबात नेऊ नका. प्रवासी दवाखान्यात वेळेत जा, मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधी सुरू होतात आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात.

"आणि टोपी, हातमोजे," नलू म्हणाली. "पोट्टी म्हणते, पहाटे गार असते."

"आफ्रिकेत? मी विनिपेगला दोन विंटर काढलेत, नलू."

"ती म्हणते म्हणून सांगून राहिले."

ती म्हणते म्हणूनच मी घेतले नाहीत.

खाऊ मात्र दोघींनी घेतला. मी चकल्या केल्या. नलूनं डिंकाचे लाडू केले, चपट्या स्टीलच्या डब्यात बसवले आणि डब्याला जुन्या ओढणीची गाठ मारली.

माउन

विमानांचं वर्णन करत नाही, ती सगळीकडं सारखीच. जोहान्सबर्गच्या विमानतळावर पुढच्या वर्षीच्या फुटबॉल विश्वचषकासाठी खोदाखोद चालली होती, एवढंच लक्षात आहे. तिथून लहान विमान. खाली तपकिरी, सपाट, झुडपांचा देश. नदी समुद्राला न जाता वाळूतच पसरते आणि संपते, त्या जागेच्या काठावर माउन वसलंय. विमानतळाबाहेर पहिल्यांदा गाढवं दिसली. गाड्या डाव्या बाजूनं चालतात, प्लगच्या भोकांत आपल्याकडचा जाडा तीन पिनांचा जुना प्लग बसतो. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि घर म्हणजे मार्कहॅम नाही हेही त्याच क्षणी लक्षात आलं.

मृण्मयी काळवंडली होती, वाळली होती. मी चष्मा शोधत मागं राहिले, नलू पुढं होती. त्यामुळे मिठी आधी तिला मिळाली. चष्म्यामुळेच, असं मी स्वतःला सांगितलं. नलू मोठ्यानं रडत होती. मी रडले नाही. मला लोकांसमोर येत नाही.

मिनीबरोबर तिची घरमालकीण आली होती, भारदस्त, डोक्याला फुलांचा रुमाल. तिथं बाईला तिच्या मुलाच्या नावानं ओळखतात. 'मा' म्हणजे अमक्याची आई. हिच्या थोरल्याचं नाव काबो, म्हणून ही मा-काबो. ती दोन्ही हात पुढं करून सरळ नलूकडं गेली.

"दुमेला, मा-मिनी!"

नमस्कार, मिनीच्या आई.

"नो नो," नलू डोळे पुसत म्हणाली, "आय ॲम मावशी. आँटी. मा-मिनी, शी, शी!" आणि तिनं मला पुढं ढकललं.

मा-काबोनं माझ्याकडं पाहिलं, मिनीकडं पाहिलं, आणि हसून माझेही हात धरले. तिची काही चूक नव्हती. रडत होती ती आई, असं तिला वाटलं. कुणालाही वाटेल.

इथं एक सूचना, फार उपयोगाची. बोत्स्वानात आधी 'दुमेला' म्हणायचं, मग कसे आहात विचारायचं, मग काम. मी दुकानात शिरून कॅनेडियन घाईनं "हाय, वॉशरूम कुठंय?" विचारलं तर काउंटरवरची बाई माझ्याकडं नुसती बघत राहिली. मिनीनं मागून येऊन दुमेला म्हटलं, तिच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग चावी मिळाली. वस्तू देताना-घेताना उजवा हात, आणि डावा हात उजव्या कोपराला टेकवलेला. मिनी ते इतकं सहज करत होती की मला माझी आजी आठवली, तीही डाव्या हातानं काही घेऊ द्यायची नाही.

खाण्याची चिंता नको. मा-काबोनं आम्हांला ज्वारीची आंबवलेली पेज दिली, टिंग म्हणतात तिला. नलूनं पहिल्या घोटाला डोळे मिटले.

"शुभदा, आंबील आहे गं ही! फक्त ताक-लसूण नाही."

बरोबर पालेभाजी होती. मांस खाणाऱ्यांना कुटून मऊ केलेलं बीफ मिळतं. जेवणानंतर मी माझी पिशवी उघडली. मऊ बॅग आणि चकली यांचं जमत नाही, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. आत भुगा होता. मिनी चांगली मुलगी आहे, तिनं तो चमच्यानं खाल्ला. नलूनं तिचा डबा उघडला. लाडू जसेच्या तसे.

"ओ माय गॉड, मावशी! डिंकाचे!" मिनी ओरडली. एक तोंडात टाकून तिनं डबा बंद केला. "उरलेले मिठाच्या पठारावर नेऊ. तिथं बसून खाऊ, आपण तिघी."

मोरेमी

मोरेमीच्या राखीव जंगलात पहाटे उघड्या जीपमधून निघालो. विनिपेगमध्ये थंडीत आपण गाडीत असतो आणि गाडीला काचा असतात, हा फरक मला जीप सुटल्यावर कळला. वारा कानांतून आत जाऊन दातांपर्यंत पोचत होता. मी हात बगलेत घालून बसले. नलूनं काही न बोलता खिशातून हातमोज्यांची दुसरी जोडी काढली. तिनं माझ्यासाठी आणली होती. नको म्हणावंसं वाटलं. बोटं ऐकेनात, म्हणून घातले.

मग ऊन आलं आणि सगळं माफ करावं असं दृश्य दिसलं. वाळक्या सोनेरी गवतातून हत्तींचा कळप उतरत होता, पायांचा आवाज नाही, फक्त गवत घासल्याची सळसळ. पाण्याशी आल्यावर मोठ्या माद्यांनी एका पिल्लाला मध्ये घेतलं. आमचा गाइड हलक्या आवाजात म्हणाला, सगळ्याच आया नाहीत, मावश्या पण आहेत, पिल्लू त्यांच्यातही वाढतं. नलूनं मला कोपरानं ढोसलं. मी मनात म्हटलं, इथंही? मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या फोटोत हत्ती नाहीत, नुसतं गवत आलंय.

मिठाकडे जाताना

माउनच्या पूर्वेला मिठाची प्रचंड पठारं आहेत, पूर्वीच्या सरोवराचा सुकलेला तळ. मिनीनं सुट्टी काढली होती आणि गाडी तीच चालवत होती. नलूला गाडी लागते, म्हणून ती पुढं बसली. मी मागं, खाण्याच्या पिशवीशेजारी. पुढं दोघींचं नागपुरी चाललं होतं, कुणाच्या तरी लग्नावरून हसणं चाललं होतं. मी "कोण गं?" विचारलं तेव्हा मिनी आरशात बघून म्हणाली, "तू नाही ओळखत, आई."

वाटेत गुरांच्या रोगासाठी तपासणी नाका लागतो. तुम्हांलाही लागेल, घाबरू नका. औषधात भिजवलेल्या फडक्यावर बूट घासून चालायचं, बॅगेतले जास्तीचे बूटही बुडवायचे, आणि जंगलाच्या भागातून कच्चं मांस बाहेर न्यायचं नाही. मिनी कामामुळे तिथल्या सगळ्यांना ओळखते. ती शेडमध्ये कुणाशी बोलायला गेली. नलू वॉशरूम शोधत मागं गेली. नाक्यावरची तरुण बाई माझ्याजवळ आली.

दुमेला झालं. तब्येत झाली.

"मांस आहे का, मा?"

"नाही," मी म्हटलं. आणि पिशवीतून ओढणीची गाठ मारलेला डबा बाहेर काढला. "पण हे आहे. यात तूप आहे. दुधाचं."

तिनं झाकण उघडून वास घेतला. "शिजवलेलं आहे ना? चालेल. न्या."

"नाही, तुम्ही ठेवा."

"अहो मा, याला मनाई नाही."

"असू दे. ठेवा तुम्ही."

ती गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. मी डबा पुढं धरला, उजव्या हातात, डावा हात कोपराला टेकवून, अगदी तिथल्या रीतीप्रमाणे. असा दिलेला डबा कोण परत करणार? तिनं घेतला.

मी विचार करून केलं नाही. पण 'मला भान नव्हतं' असंही म्हणणार नाही. भान होतं.

थोडं पुढं गेल्यावर नलूनं मागं हात केला. "शुभदा, लाडू काढ. पोट्टीला भूक लागली."

"घेतले त्यांनी. तूप आहे ना त्यात."

गाडीचा वेग कमी झाला.

"तूप?" मिनी म्हणाली. "आई, ते तूप नाही घेत. मी काम करते त्यांच्याबरोबर. काहून घेतील?"

"मला काय माहीत? नियम असेल."

"असा काही रूल नाहीये!" तिनं गाडी वळवली.

"मिनी, जाऊ दे ना. लाडूच तर आहेत."

"जाऊ दे काय? मावशीनं इतक्या लांबून आणलेत."

नाका दिसू लागला तेव्हा गाडीतून उडी मारावी असं मला खरोखर वाटलं. शेडच्या सावलीत चौघं उभे होते आणि डबा मध्ये उघडा होता. ती तरुण बाई आम्हांला पाहून हसत पुढं आली, ओठाला खसखस लागलेली.

"मा-मिनी!" ती थेट माझ्याकडं बघून म्हणाली. पहिल्यांदाच कुणीतरी न चुकता मला त्या नावानं हाक मारली. "फार चांगलं आहे हे! मी नको म्हटलं तरी दिलंत. थँक यू, मा!"

मिनीनं आरशात माझ्याकडं पाहिलं.

"अगं, मीच म्हटलं होतं तिला," नलू घाईनं बोलली. "देऊन टाक म्हटलं, बिचारे उन्हात उभे राहतात..."

"मावशी, डोन्ट," मिनी म्हणाली.

डबा तिथंच ठेवून मिनीनं गाडी पुन्हा पूर्वेला वळवली. नलूनं मला सांभाळून घेतलं, याचा मला लाडवांपेक्षा जास्त राग आला.

मीठ

मिठाची पठारं कशी दिसतात, हे कॅनडात राहणाऱ्यांना समजावणं सोपं आहे. जानेवारीत गोठलेलं सरोवर आठवा. क्षितिजापर्यंत पांढरं, सपाट, पायाखाली कुरकुरणारं. फक्त अंगावर ऊन आहे आणि तोंडात खारट चव. नलू एकट्या उभ्या असलेल्या गोरखचिंचेच्या झाडाखाली चादर पसरून बसली. मिनी म्हणाली, "आई, चल, चालू या." मला एकटीला.

बरंच चाललो. झाड बोटाएवढं झालं.

"व्हॉट वॉज दॅट, आई?"

मी नेहमीसारखी गप्प राहिले असते. पण तिथं बघायला दुसरं काही नव्हतं, की ज्याच्याकडं बोट दाखवून विषय बदलावा.

"मला नलूचा हेवा वाटतो," मी म्हटलं. "तू तिच्या दारात बसमधून उतरायचीस तेव्हापासून. तुला तिच्याकडं मीच ठेवलं, हे माहीत आहे. तरी वाटतो. तुझं सगळं मला तिच्याकडून कळतं. एक तरी गोष्ट मला आधी कळावी, एवढंच मला हवं होतं. आणि ते लाडू आपण तिघींनी बसून खायचे, हे मला बघवलं नसतं."

मिनी बुटाच्या टाचेनं मिठाचा पापुद्रा फोडत राहिली. मला वाटलं, आता ही परत फिरेल.

"मला मार्चमध्ये मलेरिया झाला होता," ती म्हणाली. "बॅड वन. हॉस्पिटलमध्ये होते. गोळ्यांचा कंटाळा आला म्हणून घेणं सोडलं होतं. डॉक्टर असून. स्टुपिड."

आता जे लिहिते ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे. माझी मुलगी परक्या देशात तापानं फणफणून पडली होती, हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती भीती नव्हती.

"नलूला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. कुणालाच नाही."

आणि मला आनंद झाला. खराखुरा, छातीत भरून येणारा आनंद. तो ओसरल्यावर मग भीती आली, आणि ती आली तेव्हा मी मिठावरच खाली बसले. मिनी शेजारी बसली.

"मग मला का सांगितलंस?"

"मावशी फ्रीक आउट झाली असती. रडली असती, रोज फोन, घरी ये, घरी ये. मग मलाच तिला सांभाळावं लागलं असतं." तिनं माझ्या हाताला लागलेलं मीठ झटकलं. "तू नुसती गप्प होतेस. तिकडं बेडवर पडून मला कुणीतरी गप्प बसणारं हवं होतं, आई. मी खूप वेळा फोन उचलला. पण तुझी सवय नव्हती ना."

मी गप्प बसले. या वेळी तो विरोध नव्हता.

"मावशीला मी सांगेन. नंतर, माझ्या पद्धतीनं. तू नको सांगूस."

"बरं."

"आणि तू तिकडं जाऊन लिहिशील ना मराठी मंडळाच्या अंकासाठी? गोळ्यांचं ठळक लिही."

हीच तिची अट. म्हणून ठळक लिहिते: मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा, सांगितले तितके दिवस घ्या. कंटाळा आला तरी घ्या. नलूलाही हे सगळं आता माहीत आहे. मिनीनं तिला सांगितलं, आणि नलू अपेक्षेप्रमाणे दोन दिवस रडली.

परत

माउनच्या विमानतळावर मिनीनं आधी कुणाला मिठी मारली ते सांगत नाही, कारण तिनं आम्हां दोघींना एकदमच कवेत घेतलं आणि माझा चष्मा नलूच्या खांद्यावर चेपला.

विमान वर चढलं. खाली ती गाढवं, ती वाळू, संपत जाणारी नदी. नलू खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पुढच्या वेळी दोन डबे करीन. एक नाक्यावरच्यांना."

मी हसले. तीही हसली. नाक्याविषयी आमच्यात तेवढंच बोलणं झालं.

मग ती खिडकीकडं बघतच म्हणाली, "मिठावर फार वेळ चालत होत्या तुम्ही दोघी. परत आली तेव्हा पोट्टीचे डोळे लाल होते. काही झालं का गं तिला?"

इतक्या वर्षांत नलूनं मला मिनीबद्दल विचारण्याची ही पहिली वेळ. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती, ते मलाच ठाऊक. उत्तर ओठांवर तयार होतं, तिच्याकडूनच शिकलेलं.

"सांगेल ना ती तुला," मी म्हटलं.

वाटलं होतं तेवढं गोड लागलं नाही ते. तिच्या मांडीवर माझ्यासाठी आणलेले हातमोजे होते, त्यांची बोटं ती एकेक करून सरळ करत होती. मला सांगून टाकावंसं वाटलं आणि सांगता येत नव्हतं. ती इतकी वर्षं माझ्याशेजारी अशीच बसत आली असणार.

"बरं," नलू म्हणाली.